पासष्ट किलोचा डावा कोपरा

कबड्डी खेळून पोट भरतो, असं मी कोणाला सांगितलं की तो पहिल्यांदा माझ्या पोटाकडे बघायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच. म्हसावदच्या आसपास केळी, पपई, ऊस करून पोट भरणारे पुष्कळ, नोकरीवाले त्याहून थोडे कमी. पण दुसऱ्याच्या पायाचा घोटा धरून पोट भरणारा मी एकटाच होतो. लग्नाच्या पंगतीत कोणी माझी ओळख करून द्यायला लागला की त्याची पंचाईत व्हायची. "हाऊ आमना पाव्हना, कबड्डी खेयस," असं म्हणून तो थांबायचा आणि समोरचा माणूस वाट बघत राहायचा, की आता पुढे काहीतरी येईल. शाळेत शिपाई आहे, पिठाची गिरणी आहे, असं काहीतरी. पुढे काही येत नसे आणि वाढपी आला की दोघेही सुटायचे.

आमच्या भागात कबड्डी वजनावर खेळतात हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. टीव्हीवर दिसणारी धिप्पाड मंडळी वेगळी. आमच्याकडे पुढाऱ्याचा वाढदिवस असो, यात्रा असो, नाहीतर गावातल्या पोरांना नुसतीच हुक्की आलेली असो, फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत गट लिहिलेला असतो. पंचावन्न किलो, नाहीतर पासष्ट किलो. सामन्याआधी धान्याच्या व्यापाऱ्याचा काटा मैदानात आणून ठेवतात आणि दोन्ही संघांतले गडी चड्डीवर त्यावर चढतात. आकडा पुढे गेला की गडी बाद, मग तो कितीही नावाजलेला असो. गावातल्या निवडणुकीत लोक काय वाटेल ते करतील, पण या काट्यापुढे कोणी लबाडी करत नाही. केली तर मार पडतो.

माझं स्वतःचं वजन, म्हणजे घरचं खाऊन आपोआप जे होतं ते, बहात्तर. कबड्डीत याच्याइतकं निरुपयोगी वजन दुसरं नाही. खुल्या गटात समोरून ऐंशीच्या वरचे चढाईवाले येतात. बहात्तरच्या माणसाने त्यांना धरायचं म्हणजे उसाने भरलेली ट्रॉली हाताने थांबवायची. विशीत असताना एका लीगच्या संघाने मला शिबिराला बोलावलं होतं. महिनाभर त्यांनी अंडी खाऊ घातली, बर्फाच्या टबात बसवलं, एकाही सामन्यात उतरवलं नाही, आणि निघताना सांगितलं की पकड चांगली आहे, अंग कमी पडतं. मी परत आलो तो रागानेच. अंग वाढत नाही ना, मग कमी करून दाखवतो म्हटलं. पासष्टच्या गटात उतरलो आणि पहिल्याच हंगामात लोक मला पैसे देऊन मागायला लागले. खुल्या गटात ज्याला कुत्रं विचारत नव्हतं, तो इथे वाघ ठरला.

मी डावा कोपरा. म्हणजे संघ साखळी करून उभा राहतो तेव्हा डावीकडचा शेवटचा गडी. चढाईवाला आत आला, बोनसच्या रेषेला पाय लावायला त्याने टाच उचलली, की झेप टाकून ती टाच दोन्ही हातांत पकडायची. त्याच्या पायाकडे बघून हे जमत नाही. कमरेकडे बघावं लागतं. कमर जिथे झुकते तिथे पाय येणारच. याच्यापलीकडे मला आयुष्यात फारसं काही येत नव्हतं, पण एवढं येत होतं.

मला मागणाऱ्यांत पहिले शहाद्याचे टायरवाले चाचा. त्यांच्या आजोबांपासून शहाद्यात धंदा. आधी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, मग टायर. चाचांचे हात काळे आणि जीभ गोड. दुकानापेक्षा संघाकडे त्यांचं लक्ष जास्त, असं त्यांच्या घरची माणसं म्हणायची आणि खरंच म्हणायची. ते मला खेतियाला घेऊन गेले, सेंधव्याला, नवापूरला, तळोद्याला, गुजरातमध्ये सोनगडला, व्याऱ्याला. त्यांचा सामना नसेल तेव्हा दुसऱ्याला उसना द्यायचे, फवारणीचा पंप देतात तसा. "ली जा, पण चांगला परत आनजो," असं सांगायचे. मी ज्या गावासाठी खेळायचो त्या गावाचा टी-शर्ट घालायचो. पाठीवर कोणाचंही नाव असायचं. आदल्या महिन्यात ज्या गावाला हरवलं, त्याच गावासाठी पुढच्या महिन्यात खेळायचो, आणि लोक शिव्या देता देता टाळ्या वाजवायला लागायचे. घरी कोणी विचारलं, कोणाकडून खेळी ऱ्हायना, तर मला क्षणभर आठवावं लागायचं.

सामना दहा-बारा दिवसांवर आला की माझा खरा धंदा सुरू व्हायचा. भाकरी बंद, मीठ बंद. शेवटच्या दोन दिवसांत पाणी बंद. एप्रिल-मेच्या दुपारी आत प्लास्टिक, वर स्वेटर, वर जर्किन घालून गोमाईच्या पात्रातल्या वाळूत पळायचं. तोंडात चिंच धरून थुंकत राहायचं, कारण थुंकीलाही वजन असतं. चाचांची गाडी उन्हात उभी करून काचा लावून आत बसायचं. बघणाऱ्याला वाटावं, याला काहीतरी बाधा झाली आहे. रात्री स्वप्नात मला कधी जिंकलेले सामने दिसले नाहीत. वरण-बट्टी दिसायची, वर तूप.

एकदा होळीच्या दिवसांत मोलगीला सामना होता. काठी गावची मोठी होळी तोंडावर आलेली, त्यामुळे बाजाराला डोंगरातून माणूस लोटलं होतं. मी वजन उतरवायचं म्हणून जीपमधून आधीच उतरून पळत आलो होतो आणि एका भिंतीच्या सावलीत धापा टाकत बसलो होतो. समोर एक म्हातारी मोहाची फुलं आणि डाळ्या, म्हणजे भाजलेले हरभरे, घेऊन बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, तिच्या बोलीत काहीतरी बोलली, आणि ओंजळभर डाळ्या माझ्या पुढ्यात आणून ठेवल्या. तिचा माल तिने दोन-तीन पाडे चालून डोक्यावर आणला असणार. मला म्हणता येईना की आजी, मी गरिबीने वाळलेलो नाही, मुद्दाम वाळलो आहे. ते कोणत्या भाषेत सांगणार? मी डाळ्या खिशात टाकल्या आणि उठलो. इतकी लाज मला हरल्यावर कधी वाटली नाही.

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, कारण ती काय म्हणेल ते मला माहीत होतं. ती आमच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. गावाच्या कडेला ऊसतोडीला आणि पपईच्या मळ्यात राबणाऱ्यांची वस्ती आहे. तिथली पोरं तिच्या अंगणवाडीत येतात. एखाद्या पोराचं वजन पावभर वाढलं की ही घरी येऊन सांगणार, जणू त्या पोराने मॅट्रिक केलं. आणि घरात मी, पावभर उतरलं म्हणून खूश होऊन बसलेला. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती हसायची. "गावना पोरंस्ले मी चढावस, आनि तुम्ही उतरी ऱ्हायनात. मन्ही सगळी मेहनत बरोबर व्हई जास," म्हणायची. नंतर हसणं बंद झालं. नंतर ती सामन्याच्या आधीच्या आठवड्यात चूलच बाहेर मांडायची, मला वास येऊ नये म्हणून. त्यात माया होती की राग, ते मी कधी विचारलं नाही.

वडिलांचं मात्र वेगळं. आबांनी मला शेतीत ओढायचा प्रयत्न करून सोडून दिला होता, शेत मोठा भाऊ बघायचा. आमचं बरं चाललं होतं. पण एका प्रकरणापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्याचं असं झालं, की दोंडाईच्याला काट्यावर मी किंचित वर निघालो. थुंकायला तोंडात थुंकी नव्हती, पळायला पायात जीव नव्हता. मैदानाला लागून न्हाव्याचं दुकान. मी जाऊन डोकं चकोट करून घेतलं. पुन्हा चढलो, तरी काटा हलेना. मग मिशीही काढली, भुवया तेवढ्या ठेवल्या. काटा बसला. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी मी म्हसावदच्या स्टँडवर उतरलो तो खुशीत होतो.

आपल्याकडे डोकं आणि मिशी एकदमच कधी जाते हे माझ्या मनातही नव्हतं. स्टँडवर भाऊबंदकीतले एक काका भेटले. माझ्याकडे बघून त्यांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कव्हय?"

"काल सांजले," मी म्हणालो. मला वाटलं, सामन्याचंच विचारताहेत.

"तरास व्हयना का?"

"शेवटला शेवटला लई व्हयना," मी म्हणालो. "पन सुटनूत बवा."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. त्यांनी पुढे कोणाकोणाला फोन केले ते त्यांनाच माहीत. मी घरी पोचून अंघोळ करतो तोवर लोक दारवर यायला लागले. दारवर येणं म्हणजे मयताच्या घरी भेटायला येणं. पांढऱ्या टोप्या, पदर तोंडाला लावलेल्या बाया, आणि ओट्यावर खाटेवर आबा स्वतः बसलेले, लाल मिरच्यांचे देठ खुडत. पहिल्या बाईने गळा काढला तेव्हा आबांनीच घाबरून विचारलं, "कोन गया व?" ती बाई ओरडून मागच्या मागे पडली.

आता सांगताना मला हसू येतं, तेव्हाही आलं होतं, आणि तेच आबांनी बघितलं. लोक चहा घेऊन गेले. आबा संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून होते. मग बायकोला म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेताने, "मी जित्ता ऱ्हाई मरी गऊ आज. याना वजनना पायी." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दोन हात लांब बसून ते बायकोकडून मला निरोप द्यायचे. केस आले, मिशी आली, त्यांचं बोलणं काही परत आलं नाही.

माझं वयही आता तिशी ओलांडून पुढे चाललं होतं. पंचविशीत दहा दिवसांत उतरणारं वजन आता तीन आठवडे घ्यायचं. गुडघा पावसाळ्यात बोलायचा. चाचा काही म्हणत नव्हते, पण सेंधव्याकडचा एक नवा कोपरा ते सोबत घेऊन फिरायला लागले होते. "सिकी ऱ्हायना तुन्हा कडथून," म्हणायचे. काय शिकतोय ते मला समजत होतं. माझी जागा शिकत होता.

अशा वेळी शहाद्याच्या स्पर्धेत तो कंपनीवाला आला. भरूचकडच्या एका मोठ्या केमिकल कंपनीचा माणूस, त्यांच्या संघाचं तो बघायचा. कंपनी खेळाडूला कायमची नोकरी देते, क्वार्टर देते, खेळणं संपलं तरी नोकरी राहते. चाचांच्या दुकानात बसून त्याने चहा घेतला आणि हिंदीत सरळच सांगितलं. त्यांचा डावा कोपरा सुटला होता. माझी टाच धरण्याची हातोटी त्याला आवडली होती. दिवाळीनंतर निवड होणार. माझ्या वयाच्या माणसाला वरचे लोक यंदा घेतील, पुढच्या वर्षी नाही. एकच अट. त्यांचा संघ मॅटवर, खुल्या गटात खेळतो. मी किमान पंच्याहत्तरचा होऊन यायला हवं होतं.

चाचा हसले. मला हसू आलं नाही. मला उभ्या आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती. पंच्याहत्तर व्हायचं म्हणजे दिवाळीपर्यंत पासष्टच्या एकाही सामन्याला हो म्हणता येणार नाही. म्हणजे पोट भरण्यासाठी पोटावर पाय द्यायचा. आणि तोवर सेंधव्याचा पोरगा माझ्या जागेवर पक्का होणार. मी चाचांकडे बघितलं. ते टायरला ठोकून बघत होते, वर मान न करता म्हणाले, "जा बेटा. आसं बोलावनं फिरी येत नही."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मन्हं मानधन शे. तुम्ही फक्त खा." आणि उठून तिने पिठात मोहन घातलं.

ते पाच-सहा महिने मी खाल्लं. लोकांना वाटतं, खाणं सोपं असतं. माझी आतडी आखडलेली होती. अर्धी भाकरी झाली की घास वर यायचा. बायकोने मला तिच्या वस्तीतल्या पोरांसारखं धरलं. थोडं थोडं, तासातासाने, गुळासोबत, तुपासोबत, अंड्यासोबत. केळी तर आमच्याकडे झाडाला लागतात. मी घास मागे सारला की ती ओरडायची नाही, ताट घेऊन समोर बसून राहायची. त्या पोरांच्या आयांना ती हेच शिकवते. श्रावण गेला, पितरं गेली. गाल वर आले. जुन्या पँटी मांडीत अडकायला लागल्या. गावातले लोक म्हणायला लागले की हा आता माणसात आला. आरशात मला एक सुखवस्तू माणूस दिसायचा, सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा. मला तो आवडायचा. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सुखी होतो. क्वार्टर कशी असेल, बायकोला तिकडे अंगणवाडी मिळेल का, याच्या गप्पा आम्ही मारायचो. आबा ऐकत असायचे. एकदा त्यांनी बायकोला विचारलं, "तठे पानी कसं शे म्हने?" माझ्याबद्दल इतक्या दिवसांत त्यांनी विचारलेली ती पहिली गोष्ट.

दिवाळी झाली आणि मी गेलो. सत्याहत्तर होतो, अटीपेक्षा वरच. मोठा हॉल, खाली निळी-पिवळी मॅट, वर दिवे. बूट घालून खेळायचं. पहिला चढाईवाला आला. वीस-बावीसचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच. मी त्याच्या कमरेकडे बघितलं. कमर झुकली. मला कळलं, टाच कुठे येणार. टाच तिथेच आली. मी झेप टाकली आणि माझे हात जिथे पोचले तिथे टाच होऊन गेलेली होती.

पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा मी आधीच निघालो तर त्याने हूल दिली आणि मी तोंडावर पडलो. डोळ्यांना सगळं दिसत होतं, डोक्याला सगळं समजत होतं, अंग मात्र उशिरा येत होतं. इतकी वर्षं मी पासष्ट किलोचा अंदाज घोटून घोटून हाडांत मुरवला होता. एवढी ढांग, एवढी झेप, एवढा हात. आता त्या हाडांवर दुसराच माणूस बसला होता आणि त्याला खेळ येत नव्हता. शेवटी एक टाच मिळाली. मी ती धरली आणि त्या पोराने मला मॅटवरून ओढत मध्यरेषेला नेऊन हात टेकवला. सत्याहत्तर किलो त्याला जड गेले नाहीत.

कंपनीवाला मला बाहेर घेऊन आला. त्याने पाणी दिलं. "आप पैंसठ में ही अच्छे थे," म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. तूच तर सांगितलंस ना, असं त्याची गचांडी धरून विचारायचं माझ्या मनात आलं, आणि मी म्हणालो, "जी सर." बसमध्ये अंकलेश्वरपासून शहाद्यापर्यंत मी खिडकीला डोकं टेकवून बसलो. तेलही गेलं, तूपही गेलं, ही म्हण आपण किती सहज वापरतो. त्या माणसाच्या हाती निदान धुपाटणं तरी आलं होतं.

घरी कोणी काही विचारलं नाही. माझ्या तोंडावरच लिहिलेलं असणार. मी सत्याहत्तर किलोचा होतो. पासष्टच्या गटाला जड आणि खुल्या गटाला संथ. मी कोणत्याच गटात नव्हतो. दुसरं काही येत नव्हतं. भावाकडे शेतात गेलो तर त्याने सालदाराला सांगून बसायला पोतं टाकवलं. पाहुण्यासारखं. मी परत आलो.

मग एक दिवस चाचांचा फोन. खेतियाला मोठी स्पर्धा, पासष्टचा गट, आणि सेंधव्याच्या पोराचा पाय मुरगळलेला. "बेटा, वजनमा बठी जाशी का?"

बारा किलो. वीस दिवस. हे होणारं नव्हतं, हे चाचांना कळत होतं की नाही देव जाणे; मला कळत होतं. "बठी जासू," मी म्हणालो. फोन ठेवला तेव्हा मला आनंदच झाला होता.

बायको पहिल्यांदा ओरडली. "सहा महिनाफाईन मी घास घास भरावना, तो काय याना करता? वस्तीमा येक येक पोर वाचाडाले मी बायास्ना पाया पडस. आनि मन्हाच घरमा..." मी स्वेटर काढून घेतला आणि नदीकडे गेलो. त्या दिवशी तिने चूल बाहेर मांडली नाही. माझ्या समोर घरात स्वयंपाक केला. मी जेवलो नाही.

पूर्वी वजन उतरायचं तेव्हा अंगाला सवय होती. आता ते घाबरून भांडायला उठलं. चार दिवसांत पाच किलो गेले आणि मग काटा जिथल्या तिथे. पाणी तोडलं. पायांत गोळे यायला लागले. डोळ्यांपुढे काळे ठिपके. मी एकटाच पळायचो, कोणी बघू नये म्हणून पपईच्या मळ्यांच्या मधल्या वाटेने. तिथेच एका दुपारी बांधावर पडलो. डोळे उघडले तर आबा शेजारी बसलेले होते, धोतराच्या सोग्याने माझ्यावर वारा घालत. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड फिरवलं.

"पोऱ्या," आबा म्हणाले. इतक्या दिवसांनी सरळ माझ्याशी. "त्या येळे लोके मन्हासाठे दारवर उनात. आते तुन्हासाठे येतीन. मी ते देखू का?"

मी रडलो. डोळ्यांतून पाणी येईना, इतकं अंगात काही नव्हतं, पण मी रडलो. आबांनी तांब्या धरूनच ठेवला होता. मी म्हणालो, "आबा, फक्त येक डाव. यानंतर नही." त्यांनी तांब्या बांधावर ठेवला आणि निघून गेले. मी तो उचलला नाही. आज मला सगळ्यात जास्त आश्चर्य या गोष्टीचं वाटतं. तहानेने जीव चालला होता, बाप इतक्या दिवसांनी बोलला होता, आणि मी पाण्याकडे बघत हिशेब करत होतो, की हा तांब्या घशाखाली गेला तर काट्यावर किती वाढेल.

सामन्याला तीन दिवस असताना अडुसष्टवर आलो. उरलेलं उतरेल असं मला वाटायला लागलं होतं. दुपारी ओट्यावर भिंतीला टेकून बसलो होतो. चाचांचा फोन आला. त्यांच्या मागे दुकानात हातोडीचा आवाज येत होता.

"बेटा, पोऱ्याना पाय चांगला व्हई गया," चाचा म्हणाले. "डाक्टर हा म्हने. तो खेयस. तू आराम कर." मग म्हणाले, "नाराज नको व्हऊ. सामना देखाले ये. मन्हा जोडे बठ." मी बरं म्हणालो. खरंच बरं म्हणालो, आणि सेंधव्याच्या पोराच्या पायाची चौकशीही केली.

बायको अंगणवाडीतून आली तेव्हा मी तसाच बसलेला होतो. चाचांनी नको म्हटलं, एवढंच तिला सांगितलं. तिने काही टोमणा मारला नाही, देवाचे आभारही मानले नाहीत. आत गेली, दादर ज्वारीची भाकर केली, भरीत केलं, वर कच्चा कांदा, आणि ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. "जेवा आते," म्हणाली आणि समोर बसली.

मला भूक लागली होती. पूर्वी लागायची ती कशासाठी तरी लागायची. खेतियासाठी, नवापूरसाठी, व्याऱ्यासाठी, ज्याने बोलावलं त्याच्यासाठी. ती सोसायला मला यायची, त्यात माझ्याइतका तयार गडी पाच-सहा तालुक्यांत नव्हता. आता ती नुसतीच लागली होती, चारचौघांना लागते तशी, आणि तिचं काय करायचं ते मला समजेना.